कालव्यावरचं बिऱ्हाड आणि वीस लिटरची टाकी

इंग्लंड पाहून आलेल्या मैत्रिणी लंडनचा पूल सांगतात, राजवाड्यापुढचे उंच टोपीवाले शिपाई सांगतात, शेक्सपिअरचं घर सांगतात. त्या सगळ्याचे फोटो तुम्ही पाहिलेच असतील. पण त्याच देशाच्या पोटातून, शेतांच्या आणि गावांच्या मागच्या अंगानं, अरुंद कालव्यांचं एक जाळं पसरलेलं आहे. इंग्लंड आणि वेल्समधले सुमारे दोन हजार मैलांचे जलमार्ग २०१२ सालापासून कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट ही संस्था सांभाळते. या कालव्यांवर हजारो माणसं बोटीतच राहतात. सहलीपुरती नव्हे, चांगली बिऱ्हाड थाटून. शेगडी, पलंग, पुस्तकं, मांजर, टपावर तुळशीऐवजी पुदिन्याची कुंडी!

आमची धाकटी लेक आणि जावई त्यांतलेच. दोघांच्या पगारात घरभाडं भागवून शिल्लक काही पडेना, म्हणून त्यांनी साठवलेल्या पैशांत एक जुनी बोट घेतली. २०२३ सालच्या मे महिन्यात मी तिथे गेले ती लेकीच्या बाळंतपणासाठी. डिंकाचे लाडू, हळीव, बाळंतशोपा, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी असं सगळं सामान बरोबर होतं. रग्बी स्टेशनावर जावई घ्यायला आले आणि तिथून मोटारीनं आम्ही ब्राउन्स्टनला पोचलो.

ब्राउन्स्टन हे नॉर्थहॅम्प्टनशरमधलं टेकडीवरचं गाव. वर चर्चचा उंच सुळका आणि खाली दोन कालव्यांचा संगम. एक ऑक्सफर्ड कालवा आणि दुसरा लंडनहून बर्मिंगहॅमला जाणारा १३७ मैलांचा ग्रँड युनियन. संगमावर लोखंडी पूल, काठाला ओळीनं बांधलेल्या रंगीत बोटी, पाण्यात बदकांची पिलं. चित्रातल्यासारखं गाव आहे. पण मला चित्र दाखवायचं नाही, घर दाखवायचं आहे.

सात फुटांचं घर

या बोटींना ‘नॅरोबोट’ म्हणतात. रुंदी सात फुटांच्या आतच, कारण मधल्या प्रांतांतल्या जुन्या कालव्यांची लॉकं तेवढीच अरुंद बांधलेली आहेत. लांबी मात्र सत्तर फुटांपर्यंत असते. आमच्या लेकीची बोट सत्तावन्न फुटांची. आपल्या चाळीतली खोली कुणीतरी दोन्ही हातांनी धरून लांब ओढावी, तसं ते घर. एका टोकाला स्वयंपाकघर, मग बसायची जागा, मग न्हाणीघर आणि शेवटी पलंग. कुणी कणीक मळत असेल तर दुसऱ्यानं अंग चोरून जायचं.

अशा घरात प्रत्येक गोष्ट मोजून वापरावी लागते. पाणी टाकीत भरून घ्यायचं, वीज टपावरच्या सौर तक्त्यांवर आणि इंजिनावर मिळवायची, गॅस सिलिंडरचा. भांडी घासलेलं आणि आंघोळीचं पाणी कालव्यात गेलेलं चालतं. संडासाचं मात्र एक थेंबही कालव्यात सोडायची मनाई आहे. मग ते जातं कुठे? बाईमाणसाच्या मनात पहिला प्रश्न हाच येतो, आणि प्रवासवर्णनं लिहिणारे नेमका तोच गाळतात.

टाकी म्हणजे काय?

बऱ्याच बोटींवर ‘कॅसेट टॉयलेट’ असतं. नावाला घाबरू नका. गाण्याची कॅसेट जशी टेपरेकॉर्डरमध्ये सरकवायची आणि काढायची, तशीच याची खालची टाकी. वर आपल्या कमोडसारखी प्लास्टिकची बैठक, खाली अठरा-वीस लिटरची चपटी बंद टाकी. दोन्हींच्या मधे एक सरकतं पातं असतं. वापरण्याआधी बाजूची मूठ फिरवून पातं उघडायचं, वापरून झाल्यावर बटण दाबून थोडं पाणी सोडायचं आणि पातं बंद करायचं. पात्याभोवती एक रबरी कडं असतं. ते पात्याला घट्ट चिकटून राहतं, म्हणून वास वर येत नाही आणि टाकी हलवली तरी सांडत नाही.

टाकीत आधी थोडं पाणी आणि एक औषध घालून ठेवतात. निळं औषध जुन्या पद्धतीचं, बहुधा फॉर्मल्डिहाइड असलेलं. हिरवं औषध त्यामानानं सौम्य. औषधानं वास दबतो आणि मैला विरघळतो. टाकी भरत आली की बैठकीवर एक छोटा तांबडा दिवा लागतो. मग टाकी बाहेर ओढून काठावरच्या ठरावीक जागी रिकामी करायची. या जागेला तिथे ‘एल्सन’ म्हणतात. ते खरं तर एका कंपनीचं नाव, पण आपण जसं कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणत आलो, तसंच हे.

दोन माणसांना ही टाकी तीन-चार दिवस पुरते. मी गेल्यावर घरात माणसं झाली तीन. त्यातून आपल्याला कागदावर भागवायची सवय नाही, पाणी लागतंच. तांब्याभर पाणी म्हणजे जवळजवळ एक लिटर. तुम्हीच हिशेब करा! दुसऱ्या दिवशी संध्याकाळीच तांबडा दिवा लागला.

तांबडा दिवा

जावई कामावर गेलेले, परतायला रात्र होणार. लेक उठली, हातमोजे चढवले आणि खाली वाकली. मी म्हटलं, “थांब. काय करतेस?”

“अगं आई, टाकी काढते. पाच मिनिटांचं काम आहे.”

वीस लिटरची भरलेली टाकी म्हणजे वीस किलो वजन, वर टाकीचं निराळं. ती ओढायची, दोन पायऱ्या चढून बाहेर काढायची, ढकलगाडीवर घालून काठानं न्यायची. आणि हिला सातवा महिना संपत आलेला. मी तिला बसवलं आणि पदर खोचला.

टाकी निघेना. पातं पुरतं बंद झाल्याशिवाय टाकी सुटत नाही, अशी त्यात सोय केलेली असते. मूठ जड लागत होती. शेवटी सावकाश मागे-पुढे करून पातं बसलं, टाकी सुटली, पण उचलताना तिच्या कडेनं ओल दिसली. न्हाणीघरातला वास कुठून येत होता ते कळलं.

शेजारच्या बोटीवर एक सत्तरीच्या बाई एकट्या राहत. तीसेक वर्षं त्यांनी पाण्यावर काढलेली. आमची गडबड ऐकून त्या डोकावल्या, टाकीकडे एक नजर टाकली आणि म्हणाल्या, “रबर गेलं आहे. आधी रिकामी करू, मग बघू.” त्यांनी ढकलगाडी आणली, एक बाजू त्यांनी धरली, एक मी. लेक मागून नुसती चालत आली.

एल्सनची जागा म्हणजे एक छोटी पक्की खोली. भिंतीला मोठं खोलगट भांडं, वरून पाण्याचा जोराचा झोत. टाकीला एक फिरणारं नळकांडं असतं, त्याचं तोंड खाली करायचं. ओतताना टाकीवरचं हवेचं बटण दाबून धरायचं. ते दाबलं नाही तर तेलाच्या डब्याला एकच भोक पाडल्यावर होतं तसं होतं, गचके देत येतं आणि अंगावर उडतं. मग पाणी घालून खळबळून दोन-तीनदा धुवायची. धुण्याची नळी तिथेच निराळी असते. पिण्याच्या पाण्याचा नळ वेगळ्या जागी, आणि त्याची नळी टाकीला चुकूनही लावायची नाही.

ते काम करताना मला आमच्या माहेरच्या वाड्याचा मागचा बोळ आठवला. आमच्या पिढीतल्या पुष्कळ जणींना तो आठवेल. टोपलीचे संडास, मागच्या बाजूला पत्र्याची झडप, आणि भल्या पहाटे त्या बोळातून येणारी बाई. ती पुढच्या दारानं कधी आली नाही. वाड्यात सात बिऱ्हाडं होती, पण तिचं नाव कुणाच्या तोंडी नव्हतं. काम तिचं का होतं, तर ती त्या जातीत जन्मली म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं. कोरडे संडास बांधण्यावर आणि माणसाकडून मैला उचलून घेण्यावर बंदी घालणारा कायदा आपल्याकडे १९९३ साली झाला, आणि २०१३ साली दुसरा, अधिक कडक कायदा करावा लागला. आपल्या कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी त्याच्या किती तरी आधी हे काम स्वतःच्या हातांनी केलं. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचं काम आपल्याला मिळावं म्हणून ते अडून बसले, आणि पुढे त्यांनी गोपुरी संडास तयार केला.

इथे कालव्यावर एल्सनपुढे रांग लागते. निवृत्त शिक्षक, गवंडी, संगणकावर काम करणारी मुलं, सगळे आपापली टाकी घेऊन उभे. “हवा छान आहे,” म्हणतात आणि पुढे सरकतात. लेक मला म्हणाली, “आई, बाळाला दुपटी धुताना तुला किळस येणार नाही ना? मग हे तसंच.” मी म्हटलं, “दुपटी मी आयुष्यभर धुतली. टाकी मात्र जावयांनीही धुवावी.” शेजारच्या बाईंना याचा अर्थ सांगितला तेव्हा त्या खूप हसल्या.

रात्री ह्यांचा फोन आला. सगळं ऐकून म्हणाले, “एवढं शिकवून पोरीला संडासाची टाकी उचलायला पाठवली का?” मी म्हटलं, “आपली टाकी आपण उचलते आहे. दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर देत नाही.” पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, “तिला जड उचलू देऊ नकोस.”

रबर बदलायची कृती

दुसऱ्या दिवशी बोटीच्या सामानाच्या दुकानातून नवं रबरी कडं आणलं. प्रेशर कुकरची रिंग सैल झाली की बाजूनं वाफ जाते, शिट्टी होत नाही आणि आपण काय करतो? नवी रिंग आणतो. इथेही तेच. नवीन टाकी घ्यायची गरज नसते. कृती अशी:

टाकी आदल्या रात्री रिकामी करून, धुऊन, कोमट पाण्यात लिंबूफूल विरघळवून ते आत भरून ठेवावं. इंग्लंडच्या त्या भागातलं पाणी जड आहे. बादलीला क्षार धरतात तसे ते पात्याला आणि कड्याला धरतात, म्हणून मूठ जड होते. लिंबूफुलानं तो थर सुटतो. सकाळी भरपूर पाण्यानं धुवावी. एक गोष्ट फार महत्त्वाची: लिंबूफूल किंवा व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र कधीही करू नये, त्यातून विषारी वायू निघतो. मुळात ब्लीच या टाकीत घालूच नये, रबर त्यानं लवकर खराब होतं.

मग टाकी बाहेर उजेडात, वर्तमानपत्रावर ठेवावी. हातमोजे घालावेत. पात्यावरचा भाग सोडवून, कडं ज्या खाचेत बसलेलं असतं तिथून जुनं रबर बोटांनी सोलून काढावं. आमचं रबर कडक होऊन एका जागी चिरलं होतं. रिकामी खाच जुन्या टूथब्रशनं घासून कोरडी पुसावी, कारण तिथे वाळूचा कण राहिला तरी नवं रबर नीट बसत नाही. नव्या कड्याला ओठासारखी एक पातळ कड असते, ती पात्याच्या बाजूला यायला हवी. कडं कुठे पीळ न पडता सगळीकडून सारखं दाबत बसवावं आणि भाग पुन्हा जोडावेत.

वंगण म्हणून सिलिकॉनचा फवारा मिळतो. तो नसेल तर ऑलिव्ह तेलाचं एक बोट पुरे. व्हॅसलीन किंवा इतर कुठलंही खाण्याचं तेल लावू नये, असं बनवणारेच बजावतात. मी नेलेली खोबरेल तेलाची बाटली त्यामुळे केसांसाठीच राहिली.

शेवटी परीक्षा. टाकीत स्वच्छ पाणी भरायचं, पातं बंद करायचं आणि टाकी कोरड्या वर्तमानपत्रावर पालथी धरायची. कागद कोरडा राहिला तर काम फत्ते. आमचा कागद कोरडा राहिला. शेजारच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या आणि लेकीनं चहा टाकला. आलं घालून, आपल्याकडच्यासारखा.

बोगद्यापलीकडचं गाव

आता आम्हांला निघायचं होतं. ज्यांची कालव्यावर बोट बांधायची कायमची जागा नसते, त्यांना एका ठिकाणी चौदा दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही. योग्य कारण असेल तर मुदत वाढते, आणि बाळंतपण हे योग्य कारणच. पण ते इस्पितळाजवळ जाऊन व्हायला हवं होतं. इस्पितळ नॉर्थहॅम्प्टनला, म्हणून बोट स्टोक ब्रुअर्न या गावी न्यायची ठरली. अंतर वीसेक मैलांचं. कालव्यावर वेग ताशी चार मैलांपेक्षा जास्त ठेवायचा नसतो, तेव्हा मजल दरमजल करत तीन दिवस लागले.

वाटेत ब्राउन्स्टनची सहा लॉकं वर चढायची, मग बकबीची सात खाली उतरायची. लॉक म्हणजे पाण्याची पायरीच. बोट आत घ्यायची, दारं लावायची, पाणी भरायचं किंवा सोडायचं, की बोट हळूहळू वर किंवा खाली येते. ती जड दारं पाठीनं रेटताना जावयांना मी हातभार लावला. लेक मागे उभी राहून सुकाणू धरायची. या बकबीच्या नावानं तिथली पाण्याची रंगीत बुधली प्रसिद्ध आहेत. गुलाब आणि किल्ले रंगवलेलं असं बुधलं अजूनही पुष्कळ बोटींच्या टपावर शोभेला दिसतं. पूर्वी बोटकऱ्यांच्या घरात पिण्याचं पाणी त्यातच असे.

पूर्वीचं घर म्हणजे केवढं? मालाच्या बोटीच्या मागच्या टोकाला दहा फूट लांब आणि सात फूट रुंद खोली. त्यात नवरा, बायको आणि मुलं. स्वयंपाक, झोप, आजारपण, बाळंतपण त्याच खोलीत, आणि संडासाला बादली. कोळशाच्या आणि धान्याच्या फेऱ्या थांबत नसत, म्हणून बाळंतीण लगेच सुकाणूला उभी राहायची. १९७० च्या सुमारास ही मालवाहतूक जवळजवळ संपली. या बायकांच्या अंगावरची कष्टाची वर्षं मात्र संग्रहालयातल्या रंगीत बुधल्यांवरून कळत नाहीत.

स्टोक ब्रुअर्नच्या अलीकडे ब्लिसवर्थचा बोगदा लागतो. १८०५ साली खुला झालेला, २,८१३ मीटर लांब. आत दिवे नाहीत. बोटीचा एक दिवा आणि वरून हवेच्या विहिरींतून टपकणारं पाणी. पूर्वी बोटीला इंजिन नव्हतं तेव्हा माणसं आडवी झोपून, बोगद्याच्या भिंतींवर पाय टाकत बोट पुढे ढकलत. अर्ध्या तासावर वेळ लागला. लेक पोटावर हात ठेवून म्हणाली, “आत ढोल वाजतोय.” इंजिनाचा आवाज बाळालाही ऐकू गेला असावा.

बोगद्यातून बाहेर पडलं की उजेडात एकदम गाव येतं. जुन्या दळणाच्या गिरणीत कालव्यांचं संग्रहालय, समोर खानावळ, पुढे सात लॉकांची उतरण. याच गावात सिस्टर मेरी वॉर्ड नावाच्या परिचारिका होत्या. बोटींवरच्या बायका-मुलांना कुठला दवाखाना आपला म्हणून नव्हता, त्यांचा दवाखाना म्हणजे या बाई. जखमा, ताप, बाळंतिणी सगळं त्यांनी पाहिलं. १९५१ साली त्यांना ब्रिटिश एम्पायर मेडल मिळालं. त्यांची हकिगत वाचून लेकीला धीर आला असं ती म्हणाली. मला तर आलाच.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात नात झाली. इस्पितळातून तिसऱ्या दिवशी ती बोटीत आली तेव्हा न्हाणीघर कोरडं होतं, वास नव्हता, आणि टाकी जावयांनी सकाळीच धुऊन ठेवली होती. बाळंतिणीला रात्री चार वेळा उठावं लागतं, त्या वेळी या गोष्टीची किंमत कळते.

लक्षात ठेवण्यासारखं

बोटच कशाला, परदेशात मुलांकडे गेल्यावर मोटारघरातून सहल निघते, तिथेही हेच संडास असतात. आपल्याकडेही घरात आजारी किंवा वृद्ध माणूस असेल तर याच जातीचं हलतं कमोड वापरलं जातं. म्हणून थोडक्यात सांगते.

१. झारीऐवजी झाकणाला बारीक भोकं पाडलेली छोटी बाटली ठेवावी. पाव लिटरपेक्षा कमी पाण्यात काम होतं आणि टाकी दुप्पट दिवस टिकते.

२. तांबडा दिवा लागण्याची वाट पाहू नये. पाऊण भरली की रिकामी करावी, उचलायला हलकी जाते. गरोदर बाईनं आणि पाठीचं दुखणं असलेल्यानं ती उचलू नये.

३. औषध बाटलीवर लिहिलं असेल तेवढंच घालावं. जास्त घातल्यानं जास्त गुण येत नाही. हात धुतल्याशिवाय डोळ्यांना, तोंडाला लावू नये. औषध मुलांच्या हाती लागेल असं ठेवू नये.

४. संडासाचा साधा, लवकर विरघळणारा कागदच टाकीत टाकावा. ओले पुसणे, कापूस, घडीचे पॅड कधीही नाहीत. पात्यात अडकतात.

५. बरेच दिवस वापर नसेल तर टाकी धुऊन, वाळवून, पातं थोडं उघडं ठेवावं. बंद ठेवल्यास रबर चिकटतं. थंडीत पाणी गोठतं अशा ठिकाणी वरच्या टाकीतलंही पाणी काढून टाकावं.

६. रबरी कडं एखादं जास्तीचं घरात असू द्यावं, कुकरच्या रिंगेसारखं.

७. टाकी धुण्याचे वार ठरवून भिंतीवर लिहून लावावेत. आमच्या बोटीवर सोमवार आणि गुरुवार जावयांचे, शनिवार माझा. लेकीचा वार बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत रिकामा ठेवला होता.